तेच गाणे, दुसऱ्यांदा

ओळखीच्या गाण्यात काही बिनसले असेल, तर ते कानाला आधी कळते आणि मनाला मागाहून. काही वर्षांपूर्वी मी बझकॉक्स या मँचेस्टरच्या पंक (म्हणजे वेगवान, ओबडधोबड रॉक वाजवणाऱ्या) बँडचे 'एव्हर फॉलन इन लव्ह' लावले आणि पहिल्या दोन सेकंदांतच चपापले. गिटारचा आघात तोच होता, स्वरांचा क्रम तोच होता, लयही जवळपास तीच होती. पण गिटारचा नाद नको इतका जाड झाला होता, ड्रम्स कुणीतरी उचलून थेट कानाशी आणून ठेवल्यासारखे वाटत होते, आणि शब्द सुरू झाल्यावर जो आवाज आला तो माझ्या ओळखीच्या आवाजापेक्षा खाली बसलेला, थोडा खरखरीत आणि थोडा सावध होता. कुणा नकलाकाराने गायले असावे असे वाटून मी नाव पाहिले. बँड तोच होता आणि गायकही तोच, पीट शेली. अल्बमचे नाव तेवढे निराळे होते: 'अ डिफरंट कॉम्पिलेशन', २०११.

आपलीच गाजलेली गाणी तीस-पस्तीस वर्षांनी पुन्हा ध्वनिमुद्रित करून त्यांचा संग्रह काढणे हा प्रकार संगीताच्या व्यवसायात नवा नाही. पंकच्या चाहत्यांना मात्र तो जितका झोंबतो तितका इतर कुणाला झोंबत असेल असे मला वाटत नाही. बझकॉक्सच्या या संग्रहात चोवीस गाणी आहेत, आणि त्यांविषयी ज्या ज्या चाहत्याशी माझे बोलणे झाले त्याच्या तोंडून पहिला प्रश्न एकच निघाला: कशासाठी? हा प्रश्न विचारताना कुणाच्या स्वरात राग होता, कुणाच्या स्वरात काळजी होती, आणि काहींच्या स्वरात तर आपल्या घरातल्या माणसाने न सांगता जुने सामान विकून टाकल्यावर येतो तसा दुखावलेपणा होता. माझ्या स्वरात हे तिन्ही होते.

या प्रश्नाला बझकॉक्सच्या बाबतीत विशेष धार आहे, कारण त्यांच्या गाण्यांचा उत्तम संग्रह आधीपासूनच हाताशी होता. 'सिंगल्स गोइंग स्टेडी' १९७९ मध्ये अमेरिकेत निघाला. युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीसाठी केलेल्या आठ सिंगल्सच्या, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणे असलेल्या छोट्या तबकड्यांच्या, पुढच्या बाजू त्याच्या एका बाजूला आणि मागच्या बाजू दुसऱ्या बाजूला, अशी त्याची सरळ मांडणी आहे. तरीही तो ऐकताना कुणी जुळवाजुळव केली आहे असे एकदाही वाटत नाही. पंक ऐकणाऱ्या कित्येकांसाठी तोच बझकॉक्सचा पहिला अल्बम, आणि कित्येकांसाठी तोच शेवटचाही. अशा संग्रहाला हात लावण्याची गरज काय, असे चाहत्याला वाटले तर त्यात त्याचे काही चुकते असे मी म्हणणार नाही.

पण 'कशासाठी' याचे एक व्यवहारी उत्तर असते आणि ते चाहत्यांनी समजून घ्यायला हवे. एका गाण्यावर दोन वेगवेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क एक, आणि त्या गाण्याच्या एका विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा हक्क दुसरा. पहिला बहुधा गीतकाराकडे आणि त्याच्या प्रकाशकाकडे असतो; दुसरा, विशीतल्या पोरांनी घाईघाईने सही केलेल्या करारामुळे, बहुधा कंपनीकडे जातो आणि कंपन्या विकल्या जातात तसा तोही हातोहात फिरत राहतो. चित्रपटात किंवा जाहिरातीत गाणे वापरायचे असेल तर दोन्ही हक्कधारकांची परवानगी लागते. करारातली पुनर्ध्वनिमुद्रणाची बंदी संपली की बँडला तेच गाणे नव्याने मुद्रित करता येते आणि त्या नव्या मुद्रणाचा हक्क स्वतःकडे ठेवता येतो. सोशल डिस्टॉर्शन या कॅलिफोर्नियाच्या पंक बँडने २००७ मधल्या आपल्या संग्रहासाठी काही जुनी गाणी पुन्हा मुद्रित केली, टेक्ससच्या बोलिंग फॉर सूपने २०१५ मध्ये तसाच संग्रह काढला, आणि २०२१ पासून टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेने एकामागून एक अल्बम पुन्हा गायल्यामुळे हा विषय पंकशी काडीचा संबंध नसलेल्या श्रोत्यांनाही ठाऊक झाला. बझकॉक्सच्या मनात नेमके काय होते ते मी सांगू शकत नाही. पण ज्यांनी गाणे घडवले त्यांच्या हाती त्या गाण्याचे एक तरी रूप असावे, एवढी इच्छा मला गैर वाटत नाही.

तरीही हे उत्तर चाहत्याच्या 'कशासाठी'ला पुरत नाही. त्याने हिशेब मागितलेलाच नसतो. तो विचारत असतो की जे एकदा पूर्ण झाले होते ते अपुरे होते असे तुम्हाला का वाटले.

पूर्ण झाले होते, हे शब्द मी जपून वापरते आहे, कारण बझकॉक्सच्या पहिल्या तबकडीइतकी अपुरी आणि तरीही पूर्ण अशी दुसरी वस्तू मला माहीत नाही. 'स्पायरल स्क्रॅच' या नावाची चार गाण्यांची ही तबकडी २८ डिसेंबर १९७६ रोजी मँचेस्टरच्या इंडिगो स्टुडिओत मुद्रित झाली. घरच्यांकडून आणि मित्रांकडून उसने घेतलेले ५०० पौंड हे तिचे सगळे भांडवल होते. वाजवून व्हायला सुमारे तीन तास लागले आणि मुद्रित आवाज एकत्र जुळवण्याला, म्हणजे मिश्रणाला, दोन. जानेवारी १९७७ मध्ये बँडने आपल्याच 'न्यू हॉर्मोन्स' या लेबलवर तिच्या १,००० प्रती काढल्या. पुढे तिचा खप हजारोंच्या घरात गेला, पण त्या दिवशी हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. वेष्टणाच्या मागे प्रत्येक गाण्यापुढे ते कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले हे छापलेले आहे: एक गाणे तिसऱ्या प्रयत्नात, वरून काहीही न जोडता, बाकीची तीन पहिल्याच प्रयत्नात, वरून फक्त गिटारची एक जोड. ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती तांत्रिक माहिती वाटली. नंतर लक्षात आले की पंकचा सगळा जाहीरनामा त्या एका ओळीत आहे. आम्ही हे असे केले, इतके सोपे होते, आता तुम्हीही करा.

आता ज्या तबकडीने आपला पहिला प्रयत्न अभिमानाने छापला, तिच्यातलीच 'बोअरडम' आणि 'ब्रेकडाउन' ही गाणी २०११ च्या संग्रहात पुन्हा येतात. मूळ गाणी हॉवर्ड डेव्होटोने गायली होती आणि तो १९७७ च्या सुरुवातीलाच बँड सोडून गेला. मग बँडच्या कार्यक्रमांत ती शेलीच्या गळ्यात आली. 'बोअरडम'मध्ये गिटारचा जो प्रसिद्ध तुकडा आहे त्यात दोनच स्वर आहेत, आणि ते दोन स्वर वाजवणारा हट्टाने वाजवत राहतो, ऐकणाऱ्याला वाटते आता तरी तिसरा येईल, आणि तो येत नाही. १९७६ मध्ये त्या तुकड्यात एक धाडस होते: लांबलचक, सफाईदार गिटारवादनाचा तो काळ, आणि हा एकवीस वर्षांचा शेली दोन स्वरांवर अडून बसलेला. २०११ मध्ये तेच दोन स्वर तितक्याच वेळा वाजवले तरी धाडस कुठून येणार? मधल्या काळात त्या दोन स्वरांवर लेख लिहून झालेले असतात. वाजवणाऱ्याला आता ठाऊक आहे की हा तुकडा प्रसिद्ध आहे.

जुन्या आणि नव्या मुद्रणातला खरा फरक मला इथे सापडला. चाहते बहुतेक वेळा ध्वनीविषयी बोलतात. नवे मुद्रण फार स्वच्छ आहे, फार मोठ्या आवाजात आवळून बसवले आहे, जुन्यातली हवा त्यात नाही. आणि यातले पुष्कळसे खरेही आहे. १९७८ मध्ये मार्टिन रशेंटने निर्मिलेल्या त्या सिंगल्समध्ये गिटारचा एक पातळ, तारेसारखा कापणारा नाद आहे, आणि त्याच्या मधल्या मोकळ्या जागेतून शेलीचा उंच, आर्जवी आवाज सहज वर येतो. नव्या मुद्रणात गिटारने ती जागा भरून टाकली आहे. पण नुसती स्वच्छता हा दोष असता तर जुनी यंत्रे आणून, जुन्या पद्धतीने मुद्रण करून तो घालवता आला असता. मला वाटते, जे परत आणता येत नाही ते अज्ञान आहे. पहिल्यांदा गाताना गाणाऱ्याला हे गाणे कुणाला आवडेल की नाही, कुणी ऐकेल तरी की नाही हे माहीत नसते, त्यामुळे तो पटवून देण्यासाठी गातो. दुसऱ्यांदा गाताना समोर हजारो लोकांनी तीस वर्षे ध्रुवपद म्हटलेले असते. ध्रुवपदाच्या आधी तो नकळत किंचित सैल होतो, जणू ते आता समोरचे लोक म्हणणार आहेत. स्टुडिओत समोर कुणीही नसते, तरीही ती जागा ऐकू येते.

'एव्हर फॉलन इन लव्ह' हे तर पटवून देण्याचेच गाणे आहे. नोव्हेंबर १९७७ मध्ये एडिनबराच्या एका अतिथिगृहात दूरचित्रवाणीवर लागलेल्या जुन्या संगीत-चित्रपटातले एक वाक्य शेलीच्या कानावर पडले आणि दुसऱ्या दिवशी बँडच्या गाडीत बसून त्याने गाणे लिहिले. ज्याच्यावर प्रेम करायला नको होते त्याच्यावर ते बसले आहे, एवढीच तक्रार. शेली आपल्या प्रेमगीतांत समोरची व्यक्ती स्त्री आहे की पुरुष हे जाणीवपूर्वक सांगत नसे, त्यामुळे ऐकणारा कुणीही असो, ती तक्रार त्याची होते. सप्टेंबर १९७८ मध्ये ते सिंगल निघाले तेव्हा शेली तेवीस वर्षांचा होता आणि गाणे ब्रिटनच्या खपाच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. पुनर्मुद्रणाच्या वेळी तो पंचावन्न-छप्पन्न वर्षांचा होता. तेवीस वर्षांच्या मुलाची तक्रार त्या वयाच्या माणसाने करावी का, असा आक्षेप मी ऐकला आहे. माझे याबाबतीत स्पष्ट मत आहे की त्या वयात ती तक्रार अधिक खरी असते. फक्त ती वेगळ्या आवाजात करावी लागते, आणि चाहत्याला तो वेगळा आवाज नको असतो.

एक विसंगती मला बराच काळ सतावत होती. हेच गाणे फाइन यंग कॅनिबल्स या बँडने आपल्या ढंगात म्हटले आणि १९८७ मध्ये ते ब्रिटनमध्ये नवव्या क्रमांकावर, म्हणजे मूळ गाण्याच्याही वर गेले. २००५ मध्ये रेडिओ निवेदक जॉन पील यांच्या स्मरणार्थ रॉजर डाल्ट्री, रॉबर्ट प्लँट, एल्टन जॉन अशा दिग्गजांनी ते एकत्र गायले. बझकॉक्सच्या ज्या चाहत्यांना मी ओळखते त्यांच्यापैकी कुणीही या आवृत्त्यांवर चिडलेले नाही. दुसऱ्याने गाणे पार बदलून टाकले तरी चालते. ज्याने ते लिहिले त्याने थोडेसे बदलले की मात्र चालत नाही. याचे कारण असे असावे की परक्याची आवृत्ती मूळ गाण्याला वंदन करून बाजूला उभी राहते, तर त्याच माणसाची नवी आवृत्ती मूळ गाण्याच्या आसनावर बसू पाहते. त्यातून आजकाल गाणे शोधले की कधी कधी नवी आवृत्तीच आधी समोर येते. नवख्या श्रोत्याला ती मूळ वाटेल ही धास्ती चाहत्यांना वाटते, आणि माझ्यावरच तो प्रसंग आल्यामुळे ती मला पोकळ वाटत नाही.

पण आसनावर बसणे आणि आसन मोडून टाकणे यांत फरक आहे. तो दाखवण्यासाठी पंकच्या थोडे बाहेरचे एक उदाहरण देते. २००२ मध्ये ऑझी ऑझबर्न या हेवी मेटल गायकाच्या पहिल्या दोन अल्बमांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, त्यांत मूळ बेस आणि ड्रम्स पुसून त्या जागी नव्या वादकांनी वाजवलेले घातले होते. चाहत्यांचा संताप इतका टिकला की २०११ च्या आवृत्तीत मूळ वादन परत आणावे लागले. त्या आवृत्त्यांत नवा बेस वाजवणारा रॉबर्ट त्रुहियो, योगायोगाने, पंकमधल्या अशाच एका प्रसिद्ध पुनर्मुद्रणातही होता. सुइसायडल टेंडन्सीजने १९८३ चा आपला पहिला अल्बम बरोबर दहा वर्षांनी, १९९३ मध्ये, जवळजवळ सगळाच्या सगळा पुन्हा मुद्रित केला. तोवर तो बँड हार्डकोर पंककडून मेटलकडे सरकला होता आणि वादक कितीतरी अधिक तयारीचे होते. त्यावरची चाहत्यांची फूट अजून मिटलेली नाही: कुणाला गाण्यांना अखेर त्यांच्या तोलाचे वादक मिळाले असे वाटते, तर कुणाला त्या तयारीनेच गाण्यांतला धोका संपवला असे वाटते. पण तिथे १९८३ चा अल्बम जागच्या जागी राहिला, त्यामुळे भांडण चवीचे राहिले, अन्यायाचे झाले नाही. बझकॉक्सच्या बाबतीतही जुनी प्रत्येक गोष्ट शाबूत आहे. ही जाणीव झाल्यावर माझा अर्धा राग उतरला.

उरलेला अर्धा उतरायला एक मित्र कारणीभूत झाला. तो बझकॉक्सचा माझ्याहून जुना चाहता, आणि पुनर्मुद्रणाविषयी माझ्याहून कडवा. त्याची तक्रार गायकाविषयी नव्हतीच, ती ड्रम्सविषयी होती. १९७६ मध्ये बँडमध्ये आला तेव्हा जॉन माहर अवघा सोळा वर्षांचा होता, आणि पंकमध्ये ठोकत सुटणारे ड्रमर चिक्कार असताना या मुलाचे रोल, म्हणजे ड्रम्सवरचे सलग जलद ठोके, असे काही गडगडत, वळत, गाण्याच्या पुढे धावून पुन्हा वेळेवर परतत, की गिटार बाजूला ठेवून नुसते तेच ऐकावेत. २०११ च्या मुद्रणात शेली आणि गिटारवादक स्टीव्ह डिगल हे दोघे जुने, तर बेसवर ख्रिस रेमिंग्टन आणि ड्रम्सवर डॅनी फॅरंट. फॅरंट उत्तम वाजवतो, हे माझ्या मित्रालाही मान्य आहे. एकदा मी त्याला तो संग्रह मुद्दाम सुरुवातीपासून ऐकवला. तो काही बोलला नाही. पण गाणे सुरू झाल्यावर टेबलावर ठेवलेल्या त्याच्या उजव्या हाताची बोटे हलू लागली, आणि थोड्या वेळाने मला कळले की ती समोर चाललेले ड्रम्स वाजवत नाहीत. ती माहरचे रोल वाजवत होती, १९७८ चे, त्यांच्या मूळ जागी, एकही न चुकवता. नवे मुद्रण जिथे सरळ जात होते तिथे त्याची बोटे वळत होती. दोन गाणी एकाच वेळी चालू होती आणि त्यांतले एक फक्त टेबलावर होते.

त्यानंतर मी तो संग्रह वेगळ्या कानांनी ऐकला. त्यात १९८९ मध्ये बँड पुन्हा एकत्र आल्यानंतरचीही काही गाणी आहेत आणि त्यांच्याविषयी कुणीच तक्रार करत नाही हे माझ्या तेव्हा लक्षात आले. त्या गाण्यांच्या मूळ आवृत्त्या आमच्या बोटांत उतरलेल्या नाहीत, म्हणून नवे मुद्रण आम्हाला सरळ, चांगले, दमदार वाटते. म्हणजे मुद्रणाचा दर्जा तोच, स्टुडिओतली माणसे तीच, आणि आमचा निवाडा मात्र दोन प्रकारचा. ही कबुली द्यायला मला जड गेले, कारण इतकी वर्षे मी ध्वनीच्या जाडीविषयी, आवाजाच्या पट्टीविषयी अगदी जाणकाराच्या थाटात बोलत आले होते.

२०१२ च्या मे महिन्यात, म्हणजे त्या संग्रहाच्या पुढच्याच वर्षी, बझकॉक्सने मँचेस्टर आणि लंडनला दोन कार्यक्रम केले. त्यांत आधी चालू संच आला, मग माहर आणि बेसवादक स्टीव्ह गार्व्ही यांच्यासह जुना संच, आणि शेवटी डेव्होटो येऊन 'स्पायरल स्क्रॅच'ची गाणी झाली. बँडचा इतिहास उलट्या क्रमाने. माहर तोवर स्कॉटलंडमधल्या हॅरिस बेटावर राहायला गेला होता, तिथे छायाचित्रे काढत होता, आणि जुन्या फोक्सवॅगन गाड्यांची हवेने थंड होणारी इंजिने बांधणारा म्हणून त्या वर्तुळात नावाजलेला होता. त्या दोन रात्री तो परत ड्रम्सवर बसला. चाहत्यांनी डोळे पुसले, हे मी तिथे असलेल्यांकडून ऐकले आहे. आणि तीही शेवटी तीच गाणी पुन्हा वाजवणेच होते, पन्नाशीतल्या माणसांनी, पूर्वीपेक्षा वेगळ्या आवाजात. तिथे 'कशासाठी' असे कुणी विचारले नाही. मुद्रणाला जो दोष आम्ही लावतो तो रंगमंचावर गुण होतो, कारण रंगमंचावरचे गाणे त्या रात्रीपुरते असते आणि मुद्रणाने मात्र कायमचे राहावे अशी आमची अट असते.

६ डिसेंबर २०१८ रोजी पीट शेली एस्टोनियात, जिथे तो शेवटची काही वर्षे राहत होता तिथे, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी गेला. त्या दिवशी साहजिकच मी आधी जुनी सिंगल्स लावली. ती ऐकताना मला शेली गेला असे वाटलेच नाही. ते तेवीस वर्षांचे पोर तर माझ्यासाठी कायमच होते, आधीही मला कधी भेटलेले नव्हते आणि आताही कुठे जाणार नव्हते. रात्री उशिरा मी २०११ चा संग्रह काढला. खाली बसलेला, खरखरीत, सावध आवाज आला, आणि मग मला रडू आले. जो माणूस माझ्या काळात जिवंत होता, ज्याचे वय माझ्याबरोबर वाढत होते, तो या आवाजात होता. तोच गेला होता.

मित्राला मी हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला की गाण्याबद्दल तू म्हणतेस ते खरे असेल, पण ड्रम्सचे काय? त्याचे मत बदललेले नाही, आणि बदलावे असा माझा आग्रहही नाही, कारण ड्रम्सच्या बाबतीत त्याचेच बरोबर आहे. अलीकडे मी तो संग्रह वरचेवर लावते. शेलीचा नंतरचा आवाज ऐकायला म्हणून लावते आणि तो ऐकतेही. फक्त ध्रुवपदाच्या जरा आधी, जिथे नवा ड्रमर सरळ निघून जातो, तिथे माझी बोटे टेबलावर वळतात.